शारीरिक शिक्षणाच्या तासाला संगणकाची जोड: कोकणात नव्याने रुजू झालेल्या क्रीडाशिक्षकांसाठी

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात हाडांना-स्नायूंना जोर देणारे प्रकार असावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आता आपलं वेळापत्रक समोर धरा. आठवड्यात दोन-तीन तासिका, त्यातही रांग, हजेरी आणि मैदानावर जाण्या-येण्यात वेळ जातो. हिशेब उघड आहे. मुलांची तब्येत आपल्या तासावर थोडीच अवलंबून असते, शाळा सुटल्यावर ती काय करतात यावर जास्त.

कोकणात यात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे पाऊस. जूनच्या मध्याला शाळा सुरू होते आणि लाल मातीचं मैदान सप्टेंबर संपेपर्यंत वापरता येत नाही. दुसरी म्हणजे चाल. वाडीवरून घाटी उतरून, वहाळ ओलांडून शाळेत येणारी मुलं वेगळा व्यायाम न करताच काटक होत होती. रस्ते झाले, दारात रिक्षा आणि व्हॅन आल्या, आणि ती रोजची चाल बऱ्याच मुलांच्या दिवसातून गेली. सोय झाली हे चांगलंच झालं. पण गेलेली चाल कुठूनतरी भरून काढावी लागेल.

संगणक इथे उपयोगी पडतो तो एवढ्यासाठी की मुलाला त्याचं कालचं आणि आजचं शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतं. ही एक गोष्ट नीट जमली तर बाकीची उपकरणं नसली तरी चालतं. खाली पायऱ्या दिल्या आहेत त्या याच हेतूने. त्या एका वर्षात सगळ्या झाल्या पाहिजेत असं नाही.

पायरी १: शाळेत काय आहे ते बघा

नवीन काही मागण्याआधी संगणक खोलीत जा. बहुतेक माध्यमिक शाळांत चालणारे दोन-चार संगणक, एखादा प्रोजेक्टर आणि गॅदरिंगला वापरतात तो स्पीकर असतो. शिवाय तुमचा मोबाईल. सुरुवातीला एवढं पुरे. यात एक ब्लूटूथ स्पीकर, एक मापटेप आणि विश्वासाचा वजनकाटा धरला की साहित्य झालं.

मनगटावरचे फिटनेस बँड घ्यायला कुणी देणगीदार तयार झाला तरी मी नको म्हणेन. त्यांची चार्जिंग सांभाळण्यात तास जातो, आणि चाळीस मुलांत दहा बँड आले की उरलेली तीस मुलं बघत बसतात. त्याच पैशात खो-खोचे चांगले खांब, उड्यांच्या दोऱ्या आणि चेंडू येतात.

नेट मिळेल हे गृहीत धरू नका. सड्यावरच्या शाळेत रेंज असते, खाली खाजणाकडेच्या शाळेत नसते, आणि जोराचा वारा सुटला की वीज जाते. म्हणून नेटशिवाय चालेल असंच काम उभं करा. लिबर ऑफिस हा संच मोफत आहे, जुन्या संगणकावर चालतो, आणि त्यातल्या कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये आपल्याला लागणारं सगळं होतं. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. व्हिडिओ आणि ध्वनिफिती घरून उतरवून पेनड्राइव्हवर आणा. पावसाळ्यात संगणक बंद ठेवून देऊ नका, दमट हवेने आतल्या जोडण्या गंजतात. दोन-तीन दिवसांतून एकदा तासभर तरी चालू करावा. नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि महिन्यातून एकदा कागदावर, हे पहिल्याच महिन्यात अंगवळणी पाडा.

पायरी २: पालकांना आधी विचारा

मुलाचं वजन, आजार, धावतानाचा व्हिडिओ ही त्याची खासगी माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम ठेवला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी विचारणं हा साधा शिष्टाचार आहे.

पालकसभेत मुख्याध्यापकांसमोर विषय मांडा आणि एका पानाचं संमतिपत्र साध्या मराठीत द्या. काय मोजणार, कशासाठी, कोण बघणार, वर्ष संपल्यावर त्याचं काय करणार, एवढ्या चार गोष्टी त्यात हव्यात. अनेक मुलांचे वडील मुंबईला असतात आणि सभेला आई किंवा आजी येते. तेव्हा पत्र वाचूनही दाखवा. "आमच्या झिलाचा फोटो खंय टाकूचास नाय ना?" असं एखादी आजी विचारेल. तिला स्पष्ट सांगा, कुठेही नाही. आणि तो शब्द पाळा.

पाळायचे नियम थोडेच आहेत. नोंदींच्या फाइलमध्ये नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहा. फाइलला पासवर्ड घाला. वजनाचा तक्ता वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही टाकू नका, "फक्त शिक्षकांच्या" गटावरही नाही. कुणाला दमा, हृदयाचा त्रास किंवा फिट येण्याचा त्रास आहे याची यादी वेगळी, कागदावर, तुमच्या खिशात असू द्या. ती मैदानावर हाताशी लागते, संगणकात तिचं काम नाही.

पायरी ३: मोजा, पण मोजकं

काय मोजायचं हे स्वतः शोधत बसू नका. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्या तयार आहेत. पहिली ते तिसरीसाठी उंची-वजन, एका पायावर तोल सांभाळण्याची फ्लेमिंगो चाचणी आणि हाताच्या चपळाईची प्लेट टॅपिंग. चौथीपासून पुढे उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे अर्धे सिट-अप्स आणि जोर (मुलींसाठी गुडघे टेकून). तुमची शाळा खेलो इंडियाच्या ॲपवर नोंदलेली असेल तर निकाल तिथे भरावे लागतील. तरी आपली स्वतःची स्प्रेडशीट ठेवाच, कारण मुलाला दाखवायचा आलेख तिच्यातूनच निघणार आहे.

कोकणात प्रश्न येतो तो कधी मोजायचं याचा. जुलैच्या चिखलात काढलेली ६०० मीटरची वेळ आणि फेब्रुवारीच्या कडक मैदानावरची वेळ यांची तुलना करून काही हाती लागत नाही. तेव्हा चाचण्या दोन भागांत करा. उंची-वजन, वाकणं, सिट-अप्स, जोर हे वर्गात किंवा व्हरांड्यात होतं, ते जुलैत उरका. धावण्याच्या चाचण्या दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या, मैदान वाळलेलं असतं आणि ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो. सगळं पुन्हा एकदा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळच्या त्याच वेळेला. मार्चमध्ये परीक्षा, शिमगा आणि ऊन तिन्ही एकदम येतात.

मोजण्यातली चूक हा मुद्दा मी जरा लांबवणार आहे, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ५० मीटरच्या धावेत मुलाची सुधारणा पाव-अर्ध्या सेकंदाची असते. हाताने स्टॉपवॉच दाबताना माणसाची चूक सहज तेवढी होते. म्हणजे एका वेळी तुम्ही घड्याळ धरलंत आणि दुसऱ्या वेळी वर्गप्रमुखाने, तर दिसलेला फरक मुलाचा की घड्याळवाल्याचा हे सांगता येणार नाही. यावर मोबाईलचा उपाय चांगला आहे. शेवटच्या रेषेच्या अगदी समोर मोबाईल स्टँडवर किंवा बाकावर पक्का टेकवा. सुरुवातीचा इशारा शिट्टीने न देता झेंडा खाली आणून द्या आणि तो झेंडा चित्रचौकटीत दिसेल अशी एखाद्याला जागा द्या. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे एकेक चित्र पुढे सरकवून वेळ एक तीसांश सेकंदापर्यंत काढता येते. स्लो मोशनमध्ये तर सेकंदाला १२० किंवा त्याहून जास्त चित्रं मिळतात. वेळ काढून झाली, शीटमध्ये भरली की व्हिडिओ तिथल्या तिथे पुसा.

उंची भिंतीला पाठ लावून, अनवाणी, टाचा टेकवून, डोक्यावर सपाट पट्टी धरून घ्या. मुलींच्या वेण्या-आंबाडे आड येतात, तेवढं बघा. वजन एकेकाला आत बोलावून, पडद्याआड, आकडा मोठ्याने न उच्चारता. मुलींचं वजन बाईंनी घ्यावं.

शीट बनवताना धावण्याची वेळ मिनिटांत न मोडता फक्त सेकंदांत लिहा. ३ मिनिटं २० सेकंद असं लिहिलं की सूत्रं अडखळतात, २०० लिहिलं की सगळं सुरळीत होतं. जन्मतारीख तारखेच्या रूपातच भरा, म्हणजे चाचणीच्या दिवशीचं वय संगणक स्वतः काढतो. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. त्यासाठी किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ३५ किलो आणि १.४० मीटरच्या मुलाचा बीएमआय १७.९ येतो.

इथे एक काळजी घ्या. मोठ्यांसाठीच्या बीएमआयच्या मर्यादा मुलांना लावू नका. मुलांचा बीएमआय वय आणि लिंगाप्रमाणे बदलत जातो, म्हणून तो वाढीच्या तक्त्यावर ठेवूनच वाचायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे पाच ते अठरा वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते आहेत, ते छापून फाइलला लावा. आणि तक्त्यात काहीही दिसलं तरी मुलाला "तू जाड आहेस" किंवा "काडी आहेस" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. शंका आली तर पालकांना खासगीत बोलवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा. वाढत्या वयात वजन वाढायलाच हवं. दोन नोंदींत ते वाढलंच नसेल, तर तीही डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे.

पायरी ४: प्रत्येकाचा आलेख प्रत्येकाकडे

आता खरं काम. पहिला, दुसरा, तिसरा अशी क्रमवारी लावून फलकावर चिकटवण्याचा मोह होईल. तो टाळा. वरची पाच मुलं तशीही पळतातच. यादीत खाली आलेलं मूल मात्र पुढच्या चाचणीला पोट दुखतंय म्हणून बाकावर बसतं, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हातचं जातं.

त्याऐवजी संगणकाच्या तासिकेच्या शिक्षकांशी बोला. मुलांना स्वतःचे आकडे स्वतः भरू द्या आणि स्वतःचा आलेख स्वतः काढू द्या. गणिताच्या शिक्षकांनाही यात सामील करून घ्या: सरासरी, शेकडेवारी, आलेख हा त्यांच्याच अभ्यासक्रमाचा भाग आहे. समजा एका मुलीची ६०० मीटरची वेळ २०० सेकंदांवरून १८५ वर आली. पंधरा सेकंद म्हणजे साडेसात टक्के सुधारणा. वर्गात ती कदाचित तिसाव्या क्रमांकावर असेल, पण साडेसात टक्के ही तिने कमावलेली गोष्ट आहे आणि ती तिला पडद्यावर दिसते. "सर, माजो टायम कमी झालो!" हे ऐकायला मिळतं ते अशा मुलांकडून, कायम पहिल्या येणाऱ्यांकडून फारसं नाही.

आलेखात वेळ कमी होणं म्हणजे सुधारणा, हे मुलांना सुरुवातीला उलटं वाटतं. रेषा खाली गेली की ती हिरमुसतात. म्हणून धावण्याच्या आलेखावर "खाली = जोरात" असं ठळक लिहायला सांगा.

वजनाचा आणि बीएमआयचा आलेख मुलांकडून काढून घेऊ नका. तो फक्त तुमच्या आणि पालकांच्या कामाचा. मुलाने ज्याच्यावर मेहनत घ्यायची ते म्हणजे धाव, वाकणं, सिट-अप्स. वजन त्याच्या हातात थेट नसतं.

पायरी ५: शाळेबाहेरच्या तासांची नोंद

दर सोमवारी हजेरीनंतर पाच मिनिटं. पाचच प्रश्न, कागदाच्या चिठ्ठीवर, नाव न घालता:

काल रात्री किती तास झोपलास? शनिवार-रविवारी मिळून किती वेळ बाहेर खेळलास किंवा अंगमेहनतीचं काम केलंस? शाळेत कसा आलास, चालत, सायकलने की गाडीने? काल फळ किंवा पालेभाजी खाल्लीस का? काल मोबाईल-टीव्ही समोर किती वेळ होतास?

चिठ्ठ्यांची बेरीज दोन विद्यार्थी करतात आणि वर्गाची सरासरी शीटमध्ये भरतात. महिन्याच्या शेवटी प्रोजेक्टरवर फक्त वर्गाचा आलेख दाखवा. नाव नसल्यामुळे मुलं खरं लिहितात. झोपेच्या आकड्यावर मी सगळ्यात जास्त थांबेन. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप लागते. आठवीच्या वर्गाची सरासरी साडेसहा तास निघाली, तर ती सकाळच्या तासाला पेंगतात याचं कारण समोरच दिसतं, मग ओरडायची गरज राहत नाही. वर्गालाच विचारा, काय करूया? "दहाला मोबाईल आईकडे" असा ठराव मुलांनी स्वतः केला तर तो टिकतो. पुढच्या महिन्यात आलेख हलला का ते मुलंच बघायला येतात.

नोंदीत आपल्याकडची कामं आणि नाच धरायला विसरू नका. भाताच्या लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात तरवा (भाताची रोपं) लावणारं मूल कुठल्याही व्यायामशाळेपेक्षा जास्त मेहनत करतं. गणपतीत रात्री तासभर फुगड्या किंवा जाखडी, शिमग्यात पालखीमागे चालणं, होडी ओढायला हात लावणं, नारळाच्या झावळ्या वाहणं, हे सगळं "हालचाल" या रकान्यात लिहायचं. मुलांना हे कळलं पाहिजे की व्यायाम म्हणजे टीशर्ट घालून करायचा काहीतरी शहरी प्रकार नाही.

खाण्याबद्दल उपदेश करून काही होत नाही, मोजून होतं. मुलांना घरून रिकामी पाकिटं आणायला सांगा: वेफर्स, कुरकुरे, बिस्किटं, थंड पेयं. मागचा बारीक मजकूर मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचायचा आणि शीटमध्ये भरायचा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि पाकीट ३० ग्रॅमचं असेल, तर सोडियम २४० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ ०.६ ग्रॅम. मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे आणि मुलांसाठी त्याहूनही कमी. साखरेसाठी ग्रॅमला चारने भागा, साधारण तेवढे छोटे चमचे होतात. मग तेवढी साखर खरोखर वाटीत काढून दाखवा.

त्याच शीटच्या दुसऱ्या बाजूला आपल्या घरचं लिहा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कुळथाची पिठी, बांगडा-तारली, शेवग्याचा पाला, पावसातली टाकळा-भारंगीसारखी रानभाजी, पेरू, करवंदं, शहाळं. मुलांना यांची लाज वाटू लागली आहे असं अनेकदा दिसतं, डब्यात भाकरी असली की झाकण अर्धवट लावून खातात. आकडे शेजारी शेजारी आले की झाकण आपोआप उघडतं. मात्र कोकम सरबतही हिशेबात घ्या. आगळ (कोकमाचा रस) चांगलं असलं तरी वरून घातलेली साखर साखरच असते, हेही मुलांनी मोजूनच शोधावं.

पायरी ६: पावसाळ्यातल्या तासिका

पावसात शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकायची पद्धत अनेक शाळांत आहे. तुम्ही देऊ नका. व्हरांडा आणि एक स्पीकर असेल तर भरपूर होतं.

व्हरांडा वीस मीटर लांब असेल तर बीप टेस्ट घेता येते. स्पीकरवर ठरावीक अंतराने आवाज येतो, मुलांनी त्या आवाजाआधी वीस मीटर पार करायचे. सुरुवातीचा वेग ताशी ८.५ किलोमीटर, मग दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. ध्वनिफीत एकदा उतरवून ठेवली की नेट लागत नाही. पण त्याआधी फरशी बघा. छपरातून पागोळ्या आत येतात आणि ओली गुळगुळीत फरशी वळताना घात करते. फरशी ओली असेल तर बीप टेस्ट रद्द, जागच्या जागी करायचे प्रकार घ्या. मोबाईलमधल्या तालयंत्राचा ठेका स्पीकरवर लावून पायरीवर चढ-उतार, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या. ठेका असला की चाळीस मुलं एका लयीत राहतात आणि तुम्हाला मोजत बसावं लागत नाही, तुम्ही फिरून प्रत्येकाची पाठ-गुडघे बघू शकता.

नाडी मोजायला इथेच शिकवा. मनगटावर किंवा गळ्याच्या बाजूला दोन बोटं, १५ सेकंद, गुणिले चार. बसल्या बसल्या एकदा, व्यायाम संपताच एकदा, दोन मिनिटांनी पुन्हा एकदा. हे तीन आकडे मुलाने आपल्या शीटमध्ये भरायचे. जून ते सप्टेंबर नियमित व्यायाम झाला तर तेवढ्याच कामानंतर नाडी लवकर खाली येऊ लागते. शरीराच्या आत होणारा बदल मुलाला असा दिसतो, आणि तो दिसल्यावर घरी दोरी मागणारी मुलं निघतात.

तंत्र शिकवायला व्हिडिओ उत्तम. लांब उडीत पाय कुठे पडतो, खो-खोत खांबाजवळ वळताना शरीर किती झुकतं, गोळा सोडताना कोपर कुठे असतं, हे तोंडी सांगून कळत नाही. किनोव्हिया नावाचं मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, त्यात व्हिडिओ सावकाश चालवता येतो आणि वर रेषा-कोन काढता येतात. ते नसेल तर व्हीएलसीमध्ये गती कमी करूनही भागतं. मुलाला त्याचाच व्हिडिओ दाखवा, दोन वाक्यांत काय बदलायचं ते सांगा, लगेच पुन्हा करायला लावा. एका वेळी एकच सुधारणा. पडद्यासमोर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर तो व्यायामाचा तास राहत नाही.

पायरी ७: हवा आणि समुद्र

मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी वीज पडण्याचा धोका मोठा असतो, आणि उघडं कातळावरचं मैदान ही सगळ्यात वाईट जागा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी हे ॲप मोबाईलवर घ्या, तुमच्या जवळपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. ॲप काही म्हणो, गडगडाट कानावर आला की सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नका. झाडाखाली नाही, पत्र्याच्या शेडमध्ये नाही.

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तापमान ३३ अंशच दिसलं तरी मुलं थकतात. हवामानाच्या ॲपवर तापमानाबरोबर आर्द्रताही बघायची सवय लावा आणि दर पंधरा मिनिटांनी पाण्याची सुट्टी द्या.

शाळेजवळ पुळण (वाळूचा किनारा) असेल तर ओहोटीची ओली घट्ट वाळू धावायला सुंदर असते, पडलं तरी लागत नाही. भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक नेटवर मिळतं. कोळीवाड्यातला जुना हिशेबही शीटमध्ये घालता येतो: तिथीला पाऊणने गुणलं की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी, सकाळच्या तासाला सोयीची. अष्टमीला सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी, तो दिवस कामाचा नाही. मुलांना हे सूत्र फार आवडतं, कारण ते आजोबांना माहीत असतं आणि संगणकही तेच उत्तर देतो. तरी पुळणीवर नेण्याआधी छापील वेळापत्रकाशी ताडून बघा, आणि पाण्यात कुणालाही उतरू देऊ नका. पावसाळ्यात पुळण पूर्ण बंद.

पायरी ८: चालत किनारा पार करा

हा उपक्रम नोव्हेंबरमध्ये सुरू करा. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. वर्गाने मिळून तो चालत पार करायचा, दक्षिणेला रेडीपासून उत्तरेला डहाणूकडे. फलकावर नकाशा लावा आणि त्यावर वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, गुहागर, दाभोळ, हर्णै, बाणकोट, श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग असे थांबे लिहा.

मोबाईल प्रत्येकाकडे नसतो, म्हणून पावलं मोजायचं यंत्र धरूच नका. मैदानावर १०० मीटरची रेषा आखा, प्रत्येकाने ती नेहमीच्या चालीने पार करून आपली पावलं मोजायची. मग घरापासून शाळेपर्यंतचं अंतर संगणकावरच्या नकाशात मोजायचं. पाखाडीची वाट नकाशात दिसत नसेल तर पावलं मोजून काढायचं. रोज कोण किती चाललं याची बेरीज वर्गप्रमुख भरतो. चाळीस मुलं सरासरी दीड किलोमीटर चालली तर दिवसाला साठ किलोमीटर होतात, आणि आठवडाभरात वर्ग रेडीहून निघून बराच वर सरकलेला असतो.

बेरीज सगळ्यांची असल्यामुळे कुणी मागे पडत नाही. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी हाताच्या व्यायामाची किंवा चाकाची खुर्ची चालवण्याची मिनिटं किलोमीटरमध्ये बदलून घ्या. दर वर्गात ठरवा, दहा मिनिटांना किती. गाडीने येणाऱ्या मुलांनी वाडीच्या फाट्यावर उतरून उरलेलं अंतर चालत यावं, हे पालकांशी बोलून ठरवता येतं. अट एकच: मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने किंवा अंधारात कुणीही किलोमीटर जमवायचे नाहीत. हे लेखी कळवा.

वर्ष संपताना

एप्रिलमध्ये प्रत्येक मुलाला त्याचा आलेख छापून द्या, आकडे मोठ्या अक्षरांत, खाली तुमची सही. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांसाठी फक्त चाचण्यांचे आकडे हजेरी क्रमांकासह ठेवा, क्रमांक बदलणार असतील तर जुन्या-नव्या क्रमांकांची यादी मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात. दहावी झालेल्या मुलांच्या नोंदी, उरलेले सगळे व्हिडिओ आणि वजनाची शीट मोबाईल, संगणक, पेनड्राइव्ह तिन्हीकडून पुसा आणि संमतिपत्रात लिहिल्याप्रमाणे पुसल्याचं पालकांना कळवा. पेनड्राइव्ह मेच्या सुट्टीत घरी कोरड्या डब्यात ठेवा. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिल्या आठवड्यात संगणक चालू होतो का ते बघा, वजनकाटा दहा किलोच्या तांदळाच्या पिशवीवर तपासा, आणि नव्या पाचवीच्या पालकसभेसाठी संमतिपत्रांच्या प्रती काढून ठेवा.